पब्जीचे नामांतर कोणासाठी?

(पेठ, जि. नाशिक येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राला नामांतर हा शब्द नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि ते नाव प्रत्यक्ष फलकावर यायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, सत्याग्रही तुरुंगात गेले. एका नावासाठी एवढी किंमत पडली, कारण त्या नावाबरोबर समाजातील सत्तेची जुनी वाटणी हलणार होती. नामांतराला विरोध करणाऱ्यांनाही हे पुरते ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी एवढा कडवा विरोध केला.

आजच्या विषयातले नामांतर याच्या नेमके उलट आहे. ते एका कंपनीने एका प्रसिद्धीपत्रकाने उरकले आणि त्यामुळे मालकी, नफा व गिऱ्हाईक यांतले काहीही हलू नये हाच त्याचा हेतू होता. खेळाचे मूळ नाव पब्जी. ६ मे २०२१ रोजी भारतापुरते त्याचे बारसे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ असे करण्यात आले. पेठ तालुक्यातल्या कोणत्याही पाड्यावर जाऊन हे लांबलचक नाव उच्चारून पाहावे; पोरे गोंधळतील. फार तर एखादा कॉलेजात जाणारा मुलगा बीजीएमआय ही आद्याक्षरे सांगेल. पब्जी म्हटले की मात्र शेंबड्या पोरालाही कळते. लोकांनी हे नामांतर मानलेलेच नाही. ते मानले फक्त सरकारने, आणि तेही एकदा मानले, एकदा नाकारले, पुन्हा एकदा मानले. ही कथा जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण कार्यकर्त्यांपैकी अनेकांनी हा खेळ पाहिलेला नसेल आणि न पाहताच त्यावर मत बनवले असेल.

खेळ असा आहे. शंभर खेळाडू विमानातून छत्रीने एका निर्जन बेटावर उतरतात. मोकळ्या घरांतून बंदुका, काडतुसे, औषधे गोळा करतात आणि एकमेकांना मारतात. बेटावरचे सुरक्षित वर्तुळ हळूहळू आवळत जाते, त्यामुळे लपून बसून भागत नाही. शेवटी जो उरतो तो जिंकतो. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. चौघांचा गट करून खेळता येते, बोलता येते. तिथेच त्याची ओढ आहे. एकटे पोर खेळ सोडून उठू शकते, पण तीन मित्रांना मध्येच टाकून उठणे कोणत्याही वयात कठीण असते.

मूळ खेळ दक्षिण कोरियातल्या ब्लूहोल या कंपनीच्या घरातला, २०१७ सालचा. मोबाइलवरची आवृत्ती चीनमधल्या टेन्सेंट या बलाढ्य कंपनीने तयार केली आणि ती २०१८ मध्ये जगभर पसरली. ब्लूहोलनेही त्याच वर्षी आपले नाव क्राफ्टन असे केले. टेन्सेंट ही क्राफ्टनची दुसऱ्या क्रमांकाची भागधारक. म्हणजे खेळ कोरियाचा, मोबाइलवरची बांधणी चीनची, आणि खेळणारे सर्वांत अधिक भारतातले. सेन्सर टॉवर या संस्थेच्या हिशेबानुसार २०२० च्या बंदीपर्यंत भारतात हा खेळ सुमारे साडेसतरा कोटी वेळा मोबाइलवर उतरवला गेला होता, जगातल्या एकूण संख्येच्या जवळजवळ चौथा हिस्सा.

आणि खेळ फुकट आहे. या ‘फुकट’पाशी थोडे थांबले पाहिजे. खेळायला पैसा लागत नाही. पैसा लागतो तो दिसण्याला. खेळातल्या आपल्या बाहुल्याला अंगरखा हवा, बंदुकीला सोनेरी वर्ख हवा, तर ‘यूसी’ नावाचे खेळातले चलन खऱ्या रुपयांनी विकत घ्यावे लागते. दर हंगामाला नवा ‘रॉयल पास’ निघतो. जुना हंगाम संपला की जुनी ऐट शिळी होते. त्याशिवाय पेट्या आहेत. पेटीत काय निघेल हे न सांगता ती उघडण्याचे पैसे घेतले जातात. जत्रेत पैसे लावून चक्र फिरवण्याचा प्रकार आणि हा, यांत तत्त्वतः फरक नाही. बेल्जियम सरकारने २०१८ मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवले. अशा व्यवसायात लक्षावधी मुले एक पैसाही देत नाहीत. थोडी देतात आणि भरपूर देतात. पण न देणारी मुले कंपनीला नको असतात असे समजू नये. ती मैदानात नसतील तर सोनेरी बंदूक दाखवायची कोणाला? पेठच्या गरीब पोराचा वेळ हाच इथला कच्चा माल आहे, आणि त्याची मजुरी शून्य आहे.

या खेळाविरुद्ध ओरड झाली ती प्रथम घरांतून. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी जाहीर मनाई काढली आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. वेड्या उपायाचा तो एक नमुना. त्याच महिन्यात हिंगोलीजवळ रेल्वेमार्गावर दोन तरुण गाडीखाली सापडून मेले. ते पब्जीत गुंग होते असे पोलिसांच्या हवाल्याने वृत्तपत्रांत आले. मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने जनहित याचिका दाखल झाली. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर सवयीला आपल्या रोगसूचीत स्थान दिले. आईबापांचे म्हणणे साधे होते : पोर जेवत नाही, झोपत नाही, अभ्यास सोडला आहे, मोबाइल काढून घेतला तर अंगावर येते. कोणी पैशाचे सांगत होते, कोणी रक्तपाताचे. या तक्रारीत चीन कुठेही नव्हता.

सरकारने खेळ बंद केला तो मात्र चीनमुळे. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला ५९ चिनी ॲपवर बंदी आली, तीत पब्जी नव्हता. २ सप्टेंबरला आणखी ११८ ॲपवर बंदी आली, तीत तो होता. हुकूम निघाला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९अ खाली. हे कलम काढून वाचावे. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांसंबंधीच्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी, एवढीच कारणे त्यात आहेत. मुलांचे आरोग्य हे कारण त्यात नाही. कुटुंबाच्या खिशाला लागलेली गळती हेही नाही. दीड वर्ष आईबाप जे बोलत होते ते या हुकुमाच्या कोणत्याही ओळीत बसत नव्हते. बंदी आली म्हणून अनेक घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, पण ती बंदी त्यांच्यासाठी नव्हती.

कंपनीला हा भेद लोकांच्या आधी कळला. प्रश्न चीनचा आहे ना, मग चीनचे नाव पुसू. आठवड्याच्या आत भारतातले हक्क टेन्सेंटकडून काढून घेतल्याचे जाहीर झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये दहा कोटी डॉलर भारतात गुंतवण्याची घोषणा झाली आणि तिच्यासोबत खेळाच्या नव्या रूपाचा आराखडा आला : गोळी लागल्यावर उडणारे रक्त लाल न दिसता हिरवे दिसेल, बाहुले प्रथमपासूनच कपडे घालून येतील, बेटाला युद्धभूमी न म्हणता सरावाची आभासी जागा म्हणण्यात येईल. नंतरच्या आवृत्तीत मारण्यालाही ‘मारणे’ म्हणेनासे झाले. खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला ‘संपवले’ असे पडद्यावर उमटू लागले. जिवाचा रंग हिरवा केला म्हणून हिंसा अहिंसा होते, हा शोध गांधीजींच्या देशात लागावा हे मोठे नवल.

कंपनीला याची सवय होती. चीनमध्ये हाच खेळ मे २०१९ मध्ये बंद करून दुसऱ्या नावाने आणला गेला, आणि त्या नावात ‘शांतता’ हा शब्द घातला गेला. तिथे गोळी लागलेला खेळाडू मरत नाही. आपली सामानाची पेटी पुढे करतो, हात हलवून निरोप घेतो आणि अंतर्धान पावतो. चिनी सरकारला देशप्रेम हवे होते, म्हणून खेळाला वायुदलाच्या गौरवाचा मुलामा देण्यात आला. पुढे २०२३ मध्ये हांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ आला तेव्हा खेळाडूंनी एकमेकांऐवजी निशाणांवर गोळ्या झाडाव्यात अशी तिसरीच आवृत्ती निघाली. जसे सरकार तसा वेष. भारत सरकारला स्वदेशी हवे होते, म्हणून नावाच्या शेवटी ‘इंडिया’ आले.

शेवटी ‘इंडिया’ लावण्याची ही रीत जुन्या कार्यकर्त्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. १९१० साली कलकत्त्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९७० साली तिच्या नावातले ‘इंपीरियल’ गळून ती इंडिया टोबॅको झाली. १९७४ साली तंबाखू हा शब्दही आद्याक्षरात दडवून ती आय.टी.सी. झाली. भारतीय भागधारकांचा वाटा वाढला हे खरे. सिगारेट ओढणाऱ्याच्या छातीला त्याचा काही उपयोग झाला नाही. १९९० साली पेप्सी आली ती ‘लहर पेप्सी’ होऊन, कारण परकी नाव जसेच्या तसे वापरायला तेव्हा मुभा नव्हती. लहर पुढे विरली, पेप्सी राहिली.

याउलट १९७७ ची गोष्ट आठवावी. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परकीय चलन नियमनाचा १९७३ चा कायदा सांगत होता की परकी मालकी चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवा. कोकाकोलाने ते मानले नाही आणि पेयाचे सूत्रही देणार नाही म्हणून सांगितले. ती निघून गेली. त्या वेळी सरकारने नावाला हातही लावला नव्हता. मालकी किती आणि सूत्र कोणाकडे, एवढेच विचारले होते. त्या जागी आणलेले ‘सत्त्याहत्तर’ हे सरकारी पेय लोकांना फारसे रुचले नाही, हेही प्रांजळपणे कबूल करावे. आणि १९९३ साली कोकाकोला परतली तेव्हा तिने पारलेची थम्स अप, लिम्का ही देशी नावे विकत घेतली व तशीच चालू ठेवली. नाव बदलून मालकी टिकवता येते, तशी नाव टिकवून मालकी बदलता येते. म्हणून फलक वाचून समाधान मानणे समाजवाद्याला परवडत नाही.

पब्जीच्या बाबतीत सरकारने फलकच वाचला. २ जुलै २०२१ रोजी नवा खेळ रीतसर सुरू झाला. तो नवा होता का, हे ठरवायला एक साधी कसोटी पुरे. जुन्या पब्जीवर ज्याचे खाते होते त्याला ते नव्यावर आणण्याची सोय कंपनीने दिली. विकत घेतलेले अंगरखे, बंदुकांचे वर्ख, मिळवलेली बिरुदे, सारे जसेच्या तसे आले. दुकानाची पाटी नवी, खतावणी जुनी. नवा खेळ चालू होण्यापूर्वीच काही माहिती चीनमधल्या सर्व्हरकडे जात असल्याचे एका नियतकालिकाने जून २०२१ मध्ये उघड केले आणि कंपनीला घाईने दुरुस्ती करावी लागली.

आईबापांसाठीही काही अटी होत्या, आणि कंपनीच्या जाहिरातीत त्यांना मानाचे पान होते. अठरा वर्षांखालील मुलाला दिवसात तीनच तास खेळता येईल. त्याला पालकाचा फोन नंबर द्यावा लागेल. आणि दिवसाला सात हजार रुपयांहून अधिक खर्च करता येणार नाही.

या तीन अटी पेठमध्ये बसून पाहाव्यात. सात हजारांपासून सुरुवात करू. २०२१-२२ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे कंपनीने मुलाला घातलेली एका दिवसाची मर्यादा त्याच्या आईच्या २८ दिवसांच्या मजुरीएवढी होती. याला मर्यादा म्हणायचे असेल तर सावकाराच्या व्याजालाही सवलत म्हणता येईल. पाड्यावरच्या घरातून दिवसाला सात हजार कोणी देणार नाही, हे उघड आहे. पण ही अट कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली ते तिच्यावरून कळते. पाड्यावरचे पोर दहा-वीस-पन्नास रुपयांनी सुरुवात करते, आणि तेवढ्यावर कोणतीच मर्यादा नाही.

दुसरी अट पालकाच्या फोन नंबरची. घरात बापाचा एक फोन, आईचा एक फोन, मुलाचा वेगळा, अशा घरासाठी ही अट आहे. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तिथे पालकाचा फोन आणि पोराच्या हातातला फोन एकच असतो. कंपनी पालकाची संमती विचारते तेव्हा तो प्रश्न पोराच्याच हातात येऊन पडतो आणि होकारही तोच देतो. त्याच फोनवर आता बँकेचे खाते जोडलेले असते, मजुरी जमा झाल्याचा निरोप येतो, यूपीआयचा आकडा घातला की पैसे जातात. पूर्वी आईचे पैसे तांदळाच्या कणगीत किंवा लुगड्याच्या गाठीत असत. तिथवर परकी कंपनीचा हात पोहोचत नव्हता.

तीन तासांच्या अटीबद्दल एवढेच सांगावे की क्राफ्टनच्या मायदेशात, कोरियात, सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत संगणकावरचे असे खेळ बंद ठेवणारा कायदा २०११ पासून दहा वर्षे होता आणि नंतर तो रद्द झाला. चीनने २०२१ मध्ये मुलांना आठवड्यालाच तीन तास दिले. दोन्ही देशांनी, बरोबर असो वा चूक, हा प्रश्न कायद्याने हाताळला. भारतात तो कंपनीच्या सौजन्यावर सोडला गेला.

पुढची कथा लवकर सांगता येते. जून २०२२ मध्ये लखनौत एका सोळा वर्षांच्या मुलाने खेळावरून आईचा जीव घेतल्याची बातमी आली. बंदी घातलेली ॲप नव्या अवतारात परत आल्याच्या तक्रारी आपल्याकडे आहेत आणि त्या गृहखात्याकडे धाडल्या आहेत, असे केंद्रीय मंत्र्यांनी जुलैत राज्यसभेत लेखी सांगितले. २८ जुलै २०२२ रोजी बॅटलग्राउंड्सही गूगल आणि ॲपलच्या दुकानांतून नाहीसा झाला. तोपर्यंत त्याचे नोंदलेले खेळाडू दहा कोटींवर गेले होते. पुन्हा तेच कलम ६९अ. मग दहा महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, तीन महिन्यांच्या परीक्षेवर परवानगी मिळाली; वापराच्या वेळेवर व इतर बाबींवर लक्ष ठेवले जाईल असे सांगण्यात आले. अठरांखालच्यांना तीन तास, इतरांना सहा तास. तीन महिने केव्हाच उलटले. खेळ चालू आहे. पहिल्यांदा काय चुकले होते, दुसऱ्यांदा काय आढळले, तिसऱ्यांदा कोणते समाधान झाले, हे पालकांना कोणी समजावून सांगितले नाही. सांगायचे बंधनही नाही, कारण या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सर्व तक्रारी व कार्यवाही गुप्त ठेवायला सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात हे कलम वैध ठरवले, ते कारणे लेखी नोंदवावी लागतात म्हणून. पण नोंदवलेली कारणे कपाटात राहिली तर नागरिकाच्या हाती काय? आणीबाणी अनुभवलेल्या पिढीला गुप्त हुकुमाचा आनंद वाटू नये, मग तो नावडत्या कंपनीविरुद्ध का असेना. जो हुकूम कारण न सांगता येतो तो कारण न सांगता जातोही. आणि या प्रकरणात नेमके तसेच झाले.

शेजारचे एक प्रकरणही पाहिले पाहिजे, कारण नाशिक जिल्ह्याचा त्याच्याशी संबंध आला. पैसे लावून खेळायच्या मोबाइलवरच्या रमीने आणि क्रिकेटच्या काल्पनिक संघांनी नाव न बदलता जात बदलली : जुगाराचे ‘कौशल्याचा खेळ’ झाले. या नावाला न्यायालयांचा आधार होता. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्य मुख्य असल्याचे म्हटले होते, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या ड्रीम इलेव्हनला जुगार ठरवण्यास नकार दिला. २०२३ मध्ये तिचे नाव भारतीय संघाच्या छातीवर चढले, तीन वर्षांसाठी ३५८ कोटी रुपयांना. जुलै २०२५ मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री, सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे, विधान परिषदेत मोबाइलवर रमीचा पट उघडून बसलेले एका चित्रफितीत दिसले. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. शेतकरी आत्महत्यांच्या राज्यात यावर गदारोळ झाला आणि महिनाअखेर त्यांचे कृषिखाते काढून त्यांना क्रीडाखाते देण्यात आले. खात्यांच्या वाटपाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. चर्चा जवळजवळ झालीच नाही, आणि हा मार्ग निंद्यच आहे. पण कायद्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता. कौशल्य आहे की नशीब, हे तो विचारत नाही; पैसा लावला आहे का, एवढेच विचारतो, आणि लावला असेल तर तो खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड सांगतो. तंटा पाटीवरच्या शब्दाचा राहिला नाही. ड्रीम इलेव्हनने लगेच पैशांचे डाव बंद केले आणि संघाच्या छातीवरून तिचे नाव उतरले. पब्जीला मात्र कोणी असा पाटीपलीकडचा प्रश्न विचारलेला नाही. या कायद्यात तो अशा खेळांच्या रांगेत येतो ज्यांना ‘ई-स्पोर्ट्स’ म्हणून उत्तेजन द्यायचे आहे. क्राफ्टनने दरम्यान इथल्या मातीत मुळे धरली आहेत; २०२५ मध्ये तिने क्रिकेटचा मोबाइल खेळ बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलची सूत्रे हाती घेतली. आणखी काही वर्षांनी तिला परकी म्हणणेही अवघड होईल.

कार्यकर्त्यांपैकी काही म्हणतील, यापेक्षा सरसकट बंदी घाला. दोनदा घातली होती. त्या काळात पोरांनी कोरियाची आवृत्ती वाकड्या वाटेने मोबाइलवर उतरवून घेतली. गरीब घरांतली पोरे साध्या फोनवर चालणाऱ्या फ्री फायरकडे गेली. त्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याचाच भाऊ फ्री फायर मॅक्स चालू राहिला. दुसरे काही म्हणतील, पोटाचे प्रश्न असताना हे मध्यमवर्गीय दुखणे कशाला? त्यांनी २८ दिवसांच्या मजुरीचा हिशेब पुन्हा करावा. तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पाड्यावरच्या पोराला शहरातल्या पोराशी बरोबरीने खेळायला मिळते ते या एकाच मैदानात. तिथे त्याला कोणी जात विचारत नाही, बूट आहेत का असे विचारत नाही. हे खरे आहे, आणि हे खरे असावे ही शरमेची गोष्ट आहे. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत याच डोंगरांत धावली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. तिच्यामागे किती मुले धावू शकली असती, याचा हिशेब क्रीडाखात्याने कधी मांडला आहे का?

मोबाइल या पाड्यांवर आला तो खेळासाठी आला नव्हता. मार्च २०२० नंतर आश्रमशाळा बंद झाल्या, मुले घरी परतली आणि शिक्षण ऑनलाइन होणार असे जाहीर झाले. आईबापांनी शेळी विकून, उसनवार करून फोन घेतले. डोंगराच्या ज्या टोकावर रेंज मिळे तिथे पोरे जाऊन बसत. शिक्षण त्या टोकापर्यंत फारसे पोहोचले नाही, खेळ पोहोचला. भात निघाले की इथली माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला निघतात. थोरले पोर धाकट्यांजवळ राहते, नाही तर बागेच्या कडेला झोपडीत दिवस काढते. त्या वेळी त्याच्या हातात फोन असतो तो व्यसन म्हणून नव्हे. दिवसभर त्याच्याशी बोलायला दुसरे कोणी नसते म्हणून. आईबापांना यासाठी दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेव्हा मागण्या कोणत्या कराव्यात, हे या परिस्थितीतूनच ठरवावे लागेल. मे २०२३ ची परवानगी कोणत्या अटींवर दिली आणि तीन महिन्यांच्या परीक्षेत काय आढळले, ते केंद्र सरकारने छापून मांडावे. खासदारांकडून हा प्रश्न विचारून घ्यावा. पेटीतला जुगार पैशांच्या खेळांच्या कायद्यात धरावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्यातली पालकांची संमती एका फोनच्या घरात कशी घेणार, याचे उत्तर कंपन्यांकडून आताच मागावे. पेठ हा अनुसूचित क्षेत्राचा तालुका आहे. पेसा कायद्याखाली ग्रामसभेला अबंध निधीचा अधिकार आहे. मैदान आणि वाचनालयाचा ठराव ग्रामसभेत आणायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक नेमला आहे की नाही, एवढा एक प्रश्न घेऊन तिथे वर्षभर खेटे घालता येतील.

आणि एक काम आजही होण्यासारखे आहे. ज्या घरात एकच फोन आहे तिथे बायांसोबत बसून यूपीआयचा आकडा बदलून द्यावा, खेळाच्या दुकानाला जोडलेले पैशांचे खाते तोडून द्यावे, आणि मागच्या सहा महिन्यांत त्या फोनवरून दहा-वीस रुपयांनी किती गेले ते पासबुकावरून काढून दाखवावे. भातकापणी उरकून माणसे बागांकडे निघण्यापूर्वी हे पाड्यापाड्यावर व्हायला हवे.